पिसांची पिशवी आणि चिंचेची थप्पी

बीड शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिक, आप्तेष्ट, हितचिंतक आणि आमच्या दुकानातून झेरॉक्स काढून नेणारे समस्त पक्षकार यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पिसांनी भरलेली एक पिशवी विकत घेतली आहे. सदर पिशवीत माणसाने स्वतः शिरून झोपावयाचे असते. तिचे वजन आठशे साठ ग्रॅम. तिच्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासाला कोणताही धक्का लागलेला नाही. मला लागला.

'कोणाच्याही दबावाला बळी न पडता' हे वाक्य कोर्टासमोरच्या प्रत्येक कागदावर असतं आणि त्याच्या प्रती काढण्यातच माझी हयात गेली. ज्या कागदावर ते असतं त्या कागदामागे दबाव असतो, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो. माझ्यामागे तर चार-पाच प्रकारचा होता.

सुरुवात माझ्याच तोंडाने केली. मार्चमधल्या एका रविवारी मेहुणा जेवायला आला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि जगात माझी टिंगल करण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे असा एकमेव माणूस. पुण्याला नोकरी करणारी आमची लेक व्हिडिओ कॉलवर होती. पाहुणा समोर, लेक फोनमध्ये, पानात पुरणपोळी. मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. तरुणपणी मी अख्खा हिवाळा शेतात ज्वारीच्या राखणीला एका चादरीवर कसा काढला, ती. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ती चादर थोडी विरळ होते. खरं सांगायचं तर मी शेतात दोनदाच झोपलो, आणि दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या सायकलवर बसून अर्ध्यातून घरी आलो.

लेक म्हणाली, "बाबा, मग मे महिन्यात माझ्याबरोबर हिमालयात ट्रेकला चला की. तंबूत राहायचंय. तुम्हाला काय, सवयच आहे."

मेहुण्याने घास थांबवला. बायकोने वाढायचं थांबवलं. अशा वेळी शहाणा माणूस ठसका लागल्याचं करतो. मी विचारलं, "कधी निघायचं?"

मला थंडी सोसत नाही. नुसती सोसत नाही असं नाही, मला तिची भीती वाटते. दसरा झाला की माझी कानटोपी निघते ती होळीला आत जाते. डिसेंबरातल्या लग्नांत मी वधूवरांपेक्षा आचाऱ्याच्या चुलीजवळ जास्त दिसतो. बीडच्या थंडीला बाहेरचे लोक थंडी म्हणत नाहीत, पण मी बाहेरचा नाही.

वाटलं होतं, पोरगी विसरेल. तिने त्याच संध्याकाळी दोघांचं बुकिंग केलं. मेहुण्याने ही बातमी चहाच्या हॉटेलात सोडली. तिथून ती माझ्या सकाळच्या फिरायच्या मंडळींकडे गेली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मैदानावर माझा शाल, श्रीफळ देऊन सत्कार केला. इतर ठिकाणी माणसाने काही केल्यावर सत्कार करतात. आमच्याकडे आधी करतात, म्हणजे मग त्याला मागे फिरता येत नाही. वर चौकात फ्लेक्स लागला. वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे फोटो, त्याखाली शुभेच्छुकांचे, आणि कोपऱ्यात, बर्फाच्या डोंगरापुढे, आधार कार्डावरचा माझा चेहरा. खाली लिहिलं होतं: एव्हरेस्टवीर. आमचा ट्रेक हा शाळेच्या सहलीचा थोरला भाऊ होता. पण फ्लेक्सवर एव्हरेस्टशिवाय दुसरा डोंगर शोभत नाही, असं छापणाऱ्याने मला समजावलं.

आता नाही कसं म्हणणार? लोकांचं एक वेळ सोडा. लोक फ्लेक्ससुद्धा उन्हात विटेपर्यंतच लक्षात ठेवतात. पण लेकीने पुण्याला गेल्यापासून माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आता पहिल्यांदा मागितले होते ते सहा दिवस, आणि तेही माझ्याबरोबर घालवायला. तिला मी काय सांगू, की तुझा बाप थंडीला घाबरतो आणि ती चादरीची गोष्ट खोटी आहे? मला असं कारण हवं होतं की ट्रेक रद्द व्हावा, माझी मान ताठ राहावी आणि दोष कुणाचाच नसावा. अशा अवस्थेत लेकीने सामानाची यादी पाठवली. त्यात तिसऱ्या ओळीत होतं: स्लीपिंग बॅग. तिथली मिळते ती जड असते आणि कितीजणांनी वापरलेली असते. तुमची स्वतःची घ्या, डाउनची, किलोच्या आतबाहेर, आणि उगाच महाग घेऊ नका.

मला माझं कारण सापडलं.

मी आठ दिवस अभ्यास केला. एका हाताने कुणाच्या तरी जमिनीचे फेरफार मशिनवर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने फोनवर बॅगा बघायच्या. डाउन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या छातीवरची लव. पंखाचं टोचणारं पीस वेगळं, ही लव वेगळी. फुंकर मारली तर परत खाली येत नाही. ऊब लवेत नसते, लवेने अडवून धरलेल्या हवेत असते. म्हणून ती जितकी फुगेल तितकी चांगली. हंसाची महाग, बदकाची स्वस्त. कृत्रिम धाग्यांची त्याहून स्वस्त, पण तिची गुंडाळी लोडाएवढी होते आणि ती पाठीवर घेऊन चढायचं म्हणजे माणसाने स्वतःच गाढवाची जागा घ्यायची. डाउन ओली झाली की मात्र तिचा लगदा होतो, हेही लिहिलेलं होतं.

सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे प्रत्येक बॅगेवर दोन तापमानं असतात. एक कम्फर्ट, एक लिमिट. कम्फर्ट म्हणजे ज्या थंडीत माणूस झोपतो. लिमिट म्हणजे ज्या थंडीत माणूस झोपत नाही पण सकाळी उठतो. स्वस्त बॅगा विकणारे लिमिटचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात आणि कम्फर्टचा खाली, औषधाच्या बाटलीवर छापतात तसा. शहाण्या माणसाने कम्फर्ट बघून घ्यावी, आणि आपण जिथे जाणार तिथल्या थंडीपेक्षा पाच अंश जास्त थंडी सोसणारी घ्यावी.

हे सगळं नीट समजून घेऊन मी बरोबर उलटी बॅग निवडली. दिसायला चोख, कोणी विचारलं तर पावतीसकट दाखवता येईल अशी. पण नापास होणारी. कम्फर्ट पाच अंश, लिमिट शून्य, वजन आठशे साठ ग्रॅम, म्हणजे वजन कमी करण्यासाठी लवही कमीच भरलेली. तिच्याबद्दल गिऱ्हाइकांनी लिहिलेलं वाचलं. एकाने लिहिलं होतं: छान आहे, अजून वापरली नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं: आमच्या कुत्र्याला आवडली. मी म्हटलं, हीच.

बॅग आली ती पाण्याच्या तांब्याएवढ्या गुंडाळीत. आमच्या घरात ऊब किलोवर मोजतात. बायको नांदूरघाटची, तिच्या माहेरच्या वाकळीखाली एकदा शिरलं की कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागते, आणि तिच्या मते पांघरूण म्हणजे ते. तिने गुंडाळी तळहातावर उडवून बघितली. मी दोरी सोडली. पिशवी जमिनीवर पडली आणि तव्यावरच्या भाकरीसारखी हळूहळू फुगायला लागली.

"ह्यात काय भरलंय? वारं?"

मी सांगितलं, बदकाच्या छातीची लव आहे.

"मग ती बदकं कशानं मेली? थंडीनंच ना?"

मुद्दा तसा बिनतोड होता. ती पलंगावर बसली आणि तिने, माझ्या मनातलं वाचल्यासारखी, अट घातली. "आधी थंडीत झोपून दाखवा. वाजली थंडी, तर लेकीला मी सांगते, तुझा बाप यायचा न्हाई म्हणून. कुणी तुमाला बोल लावायचं न्हाई."

मी वरवर खूप विरोध केला. माझ्यावर विश्वास नाही का, असं दोनदा विचारलं. आतून दिवाळी चालू होती. परीक्षा घेणारी तीच, निकाल लावणारी तीच, लेकीला कळवणारीही तीच. मला फक्त कुडकुडायचं होतं.

अडचण एवढीच, की एप्रिल महिन्यात बीड जिल्ह्यात थंडी आणायची कुठून? बाहेर पारा चाळिशी ओलांडून बसलेला. दुपारी लाइट जायची ती कूलरसकट आम्हाला मारून जायची. पंधरा दिवस घरात कुणाला धड झोप नव्हती. बॅग परत करायची मुदत सात दिवसांची, त्यातले तीन गेलेले. तेव्हा मेहुणा आला आणि म्हणाला, "दाजी, मी मेलोय का? आपल्याकडं चार डिग्री हाय. बाराही महिने."

मेहुणा मांजरसुंब्याच्या रस्त्यावर एका कोल्ड स्टोरेजमध्ये गोदाम सांभाळतो. तिथे चिंच ठेवतात. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवली की चिंच काळी पडते आणि भाव जातो, म्हणून व्यापारी ती पोत्यांत भरून थंड खोलीत टाकतात. चार अंश. माझ्या बॅगेच्या कम्फर्टपेक्षा एकने कमी. मी मनात हिशेब केला, अर्ध्या तासात निकाल.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही पोहोचलो. परीक्षा दोन तासांची ठरली. बायको ऑफिसात कूलरसमोर डबा घेऊन बसली. तिने स्वेटर आणला होता. मी म्हटलं, परीक्षा म्हणजे परीक्षा, आणि बनियन-पायजम्यावर आत गेलो. तिला वाटलं नवऱ्याची छाती मोठी आहे.

आत पाय ठेवला आणि तोंडाला असं पाणी सुटलं की काही वेळ बोलता येईना. छतापर्यंत चिंच. मेहुण्याने सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड, लाकडी फळ्यांवर लेकीने पाठवलेली फोमची पट्टी अंथरली, मला पिशवीत शिरवलं, चेन वर ओढली, डोक्याची दोरी आवळली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. नाक आणि डोळे तेवढे बाहेर होते.

"दाजी, झकास. फक्त हार घालायचा राहिलाय."

तो गेला. दिव्याने खोली तापते म्हणून जाताना दिवा घालवून गेला.

अंधारात मी तालीम सुरू केली. मी गॅदरिंगमधला जुना नट आहे. आधी ओठ, मग दात, मग आवाजातला कंप. मग दारातून बाहेर पडताना गुडघ्यात मोडायचं, आणि बायकोने धरलं की म्हणायचं, "काही नाही, काही नाही." पहिली दहा मिनिटं पिशवी गार होती. मी खूष होतो. मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पायांकडून कोणीतरी हळूच आत येऊन बसल्यासारखं वाटलं. मग पोटापाशी. मग पाठीपाशी. लव फुगली होती आणि माझीच ऊब मला परत देत होती. चेन उघडून थोडी थंडी आत घ्यावी असा मी प्रामाणिक विचार केला. हात निम्म्यापर्यंत गेलासुद्धा. पण पंधरा दिवसांची झोप बाकी होती, बाहेर आग होती, आणि नाकापुरती गार हवा येत होती. पाच मिनिटं डोळे मिटू म्हटलं.

जाग आली ती माणसांच्या आवाजाने. समोर, चार हातांवर, पोत्यांची भिंत होती. मी झोपलो तेव्हा ती नव्हती.

झालं होतं असं. मध्येच चिंचेचा एक ट्रक आला. थंड खोली भरायची रीत ठरलेली असते: मागून पुढे, भिंतीसारखी थप्पी, मध्ये फट सोडायची नाही. हमाल मान खाली घालून पाठीवर पोती आणत होते आणि दाराजवळच्या एका दिव्यावर काम चाललं होतं. खांबामागचा कोपरा हवेसाठी मोकळाच सोडतात, त्यामुळे तिथे काय आहे हे बघायचं त्यांना कारण नव्हतं. ज्याने त्यांना सांगायचं तो माझा मेहुणा ऑफिसात बसून माझ्या बायकोला माझेच किस्से सांगत होता. थप्पी वर छतापासून दोन हात सोडून बंद झाली होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जुनी थप्पी, मागे भिंत.

मी ओरडलो.

पलीकडून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "मुकादम, पोतं बोलतंय."

"चिंचेचं पोतं कुठं बोलतं बे?" हा जाडसर आवाज मुकादमाचा. मग माझ्या दिशेने, जरा बिचकत: "कोण हाय?"

"मी. दाजी."

"कुणाचे दाजी?"

मी सगळं नातं भिंतीतून समजावलं. पलीकडे हसण्याचा गडगडाट झाला. मग मुकादमाने मला विचारलं की मी मघापासून घोरत होतो का. कारण ते सगळे मशिनचा पट्टा खराब झालाय असं समजत होते आणि मिस्त्रीला निरोपही गेला होता.

मी म्हटलं, आता पोती काढा. तिथे मला दुसरी भिंत भेटली. मुकादमाने मोठ्या अदबीने सांगितलं, की दाजी, भाकरी सुटल्यात. त्यांच्या टोळीत एकदा फडकं सोडलं की भाकरी संपेपर्यंत पोत्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या वडिलांपासून ही रीत आहे, मध्ये उठलं की हाताला यश राहत नाही. तुमाला जीवाचं काही न्हाई ना, मग जरा दम धरा, ठेचा लई चांगला झालाय, म्हणाला. आणि खरोखर, भिंतीपलीकडून कांदा फोडल्याचा आवाज आला. चिंचेच्या वासात, रिकाम्या पोटी, तो आवाज ऐकणं काय असतं हे मी इथे लिहीत नाही.

मला राग आला. पिशवीतून बाहेर यावं तर बनियनवर चार अंश. म्हणून मी पिशवीसकट उठलो आणि पोत्यांच्या शर्यतीतल्या पोरांसारख्या उड्या मारत भिंतीपाशी गेलो. पोती ढकलली. खांद्याने, पाठीने, डोक्याने. भरलेल्या चिंचेचं पोतं माणसाचं ऐकत नाही. तिथून ओरडलो. परत उड्या मारत मागे आलो, परत गेलो. असं बराच वेळ केलं. शेवटी दमून फळ्यांवर आडवा झालो आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पडल्या पडल्या माझ्या अडकण्याची मी उजळणी केली. आधी पुरणपोळी खाताना बोललो त्यात अडकलो. मग शालीत. मग फ्लेक्सवर. मग लेकीच्या सहा दिवसांत. आणि आता चिंचेत. पण पडून विचार करताना अचानक माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, हे तर ठरवल्याहून उत्तम झालं. दोन तासांच्या परीक्षेचे तीन तास झाले. थंड खोलीत तीन तास कोंडलेल्या नवऱ्याला कोणती बायको हिमालयात पाठवील? मला आता गुडघ्यात मोडायचीही गरज नव्हती. नुसता आवाज पुरणार होता.

तेवढ्यात पलीकडे धावपळ झाली आणि बायकोचा आवाज आला. आधी भावावर. काय बोलली ते इथे देत नाही. एवढंच सांगतो की तो तिच्याहून लहान आहे हे त्या दिवशी हमालांनाही कळलं. मग ती भिंतीजवळ आली. आवाज कापत होता, आणि तिचा कंप खरा होता.

"अहो. आयकताय का? थंडी वाजतीय का तुमाला?"

आयुष्यात मला असा प्रवेश मिळाला नव्हता. अंधार, भिंत, पलीकडे प्रेक्षक. मी ओठ आवळले, दात वाजवले.

"ल... लई. लई व... वाजतीय गं."

पलीकडे कुणीतरी चुकचुकलं. हमालांचं हसणं थांबलं. मला क्षणभर लाज वाटली, पण क्षणभरच.

"जाऊ द्या तो हिमालय," बायको म्हणाली. "मी लेकीला आत्ताच फोन लावते. जीवापरीस काय मोठं हाय का?" आत फोनला रेंज नव्हती. तिची पावलं दाराकडे वळल्याचं मी स्वच्छ ऐकलं. पिशवीच्या आत मी दोन्ही हात जोडले.

मुकादमाला मात्र राहवेना. बाईमाणूस रडवेलं झालेलं बघून त्याने रीत मोडली, हातातली भाकरी खाली ठेवली आणि टोळीतल्या सगळ्यात सडपातळ माणसाला हुकूम केला, की वरून जा, दाजींच्या अंगावर ही घोंगडी टाक. तो माझ्याच वयाचा होता. मी वर बघतोय तोवर छत आणि थप्पीच्या मधल्या फटीतून मोबाईलचा उजेड आला, मग डोकं, मग घोंगडी, आणि तो सरपटत माझ्या बाजूला धपकन उतरला. मी डोळे मिटून दात वाजवत होतो. त्याने उजेड माझ्या तोंडावर धरला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा मायेने तळहात माझ्या कपाळावर ठेवला. मग तो हात उचलला, उजेडात धरून बघितला, आपल्या सदऱ्याला पुसला, आणि थप्पीपलीकडे, दारापर्यंत पोहोचलेल्या माझ्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"वो ताई, थांबा, दाजीला तर घाम सुटलाय."